ऑस्कर, हार्लेम आणि चित्रकूटच्या बाया

बक्षीस कुणाला मिळालं, हे लोक विचारतात. आपण आधी बघतो, स्टेजवर कोण चढलं आणि खाली कोण बसलं. ही खोड आपल्याला कुणी शिकवलेली नाही. शाळेतल्या माठापाशी, देवळाच्या पायरीपाशी, पंगतीच्या शेवटाला ती आपोआप लागली. २०२२ च्या ऑस्कर समारंभावर मी लिहितोय तेही ह्याच खोडीपायी. सिनेमाचा मी जाणकार नाही. तंत्रबिंत्र मला कळत नाही. पण माणूस कुठं बसवलाय, हे मला लांबून कळतं.

तुम्हांला त्या समारंभाचं काय आठवतंय? थप्पड. विल स्मिथनं ख्रिस रॉकला मारलेली थप्पड. साऱ्या जगाला तेवढंच आठवतंय. पण ख्रिस रॉक त्या वेळी स्टेजवर कशाला आला होता, हे विचारा बरं कुणाला! माहितीपटाचं बक्षीस द्यायला आला होता. पाच माहितीपट शर्यतीत होते आणि त्यातला एक आपल्या बायांवरचा होता. उत्तर प्रदेशात, बुंदेलखंडात, चित्रकूट-बांद्याकडं 'खबर लहरिया' नावाचं बातमीपत्र चालवणाऱ्या बाया. त्यांच्यावर रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष ह्या दोघांनी काढलेला 'रायटिंग विथ फायर'. थप्पड बसली आणि ह्या बायांचं नाव त्या आवाजात बुडालं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गालाचा फोटो. बायांचा नाही.

'खबर लहरिया' २००२ साली निघालं. बोली भाषेतलं, खेड्यातलं पत्र. दलित बायांचा पुढाकार, सोबत बाकी जातींच्या बाया. बातमी त्याच आणायच्या, लिहायच्या त्याच, अंक गावोगाव पोचवायच्याही त्याच. पुढं छापील अंक मागं पडला आणि मोबाईल हातात आला. सिनेमात हाच काळ आहे. मीरा आहे, सुनीता आहे, श्यामकली आहे. श्यामकलीनं मोबाईल कधी हाताळलेला नाही. बटण दाबायला बोट थरथरतं. पोलीस ठाण्यात मात्र प्रश्न विचारताना ह्या बाया थरथरत नाहीत. बलात्काराची फिर्याद का घेतली नाही, म्हणून विचारतात. खाणीत माणसं मरतात त्याची बातमी करतात. पोरानं तलवार नाचवली तरी समोर बसून मुलाखत घेतात. एका मित्राच्या लॅपटॉपवर मी हा सिनेमा पाहिला आणि एवढंच म्हणालो, की ह्या तर आपल्याच बाया! अशी एखादी प्रत्येक वस्तीत असते. फक्त तिच्या हातात कुणी कॅमेरा दिलेला नसतो.

समारंभ तिकडं २७ मार्चच्या रात्री, आपल्याकडं २८ च्या सकाळी. मी मोबाईल धरून बसलो होतो. आई उठली. एकतीस वर्षं नगरपालिकेत झाडू मारला तिनं. आता काम नाही, पण पहाटेची जाग काय जात नाही.

"काय बगायलास रं येरवाळीच?"

"शिनेमाचं बक्षीस हाय आये. आपल्या बायावरचा शिनेमा हाय त्यात. पेपर चालवतेत त्या."

"बाया? आन् पेपर?"

ती शेजारी बसली. इंग्रजी तिला कळत नाही आणि मलाही अर्धंच कळतं. थप्पड बसली तेव्हा ती म्हणाली, "हितं बी तेच का!" मग पाकीट फुटलं. 'समर ऑफ सोल'. बक्षीस दुसऱ्यालाच.

"मिळालं का?"

"न्हाई. काळ्या लोकांच्या शिनेमाला मिळालं. अमेरिकेतल्या."

"त्यांला बी आपल्यावानीच करतेत ना?"

"व्हय."

"मग मिळू दे की त्यांला. आपल्याकडंच ऱ्हायलं म्हणायचं."

आई चुलीकडं गेली. मी मात्र तिथंच बसलो. कारण मलाही वाईट वाटलं नव्हतं. का वाटलं नाही, ह्याचाच शोध मी पुढं बरेच दिवस घेत होतो.

त्या पाच माहितीपटांची यादी बघा. एक 'ॲटिका'. १९७१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या तुरुंगात कैद्यांनी उठाव केला, सरकारनं गोळ्या घातल्या, त्याची कहाणी. दुसरा 'फ्ली', अफगाणिस्तानातून पळालेल्या एका निर्वासिताचा. तिसरा 'ॲसेन्शन', चीनमधल्या कारखान्यांचा आणि कामगारांचा. चौथा आपल्या बायांचा. पाचवा हार्लेमचा. म्हंजे त्या झगमगाटात, त्या मखमली खुर्च्यांत, एका कोपऱ्यात सगळ्या जगाचा गावकुसाबाहेरचा माल एकत्र गोळा झाला होता. आणि एकमेकांशी शर्यत लावून दिली होती! पाचातल्या एकानंच जिंकायचं. व्यवस्थेची ही जुनी रीत आहे. सगळ्या वस्तीला एकच नळ द्यायचा, मग भांडण पाण्याचं होतं. नळ कुणी दिला ते कुणी विचारत नाही.

आता जिंकला त्याची गोष्ट ऐका. १९६९ चा उन्हाळा. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, तेव्हाच्या माउंट मॉरिस पार्कात, सहा रविवार गाण्याचे कार्यक्रम झाले. नीना सिमोन गायली. महालिया जॅक्सन गायली. पोरसवदा स्टीव्ही वंडर ढोल बडवत होता. सारे कार्यक्रम मिळून तीन लाखांच्या आसपास काळी माणसं जमली. एका कार्यक्रमाला बंदोबस्ताला ब्लॅक पँथर्स उभे होते. हाल टलचिन नावाच्या माणसानं सगळं कॅमेऱ्यात पकडलं. चाळीसेक तासांचं चित्रण. आणि विकत घ्यायला कुणी नाही! त्याच उन्हाळ्यात वुडस्टॉकला गोऱ्या पोरांची जत्रा भरली. तिचा सिनेमा निघाला, त्याला १९७१ साली ऑस्करही मिळालं. तीच पुढं इतिहास झाली. माणूस चंद्रावर गेला तो इतिहास झाला. हार्लेमची चित्रफीत पन्नास वर्षं तळघरात पडून राहिली. काळ्यांचं दुःख विकायला लोक तयार होते. त्यांचा आनंद विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं.

अहमीर थॉम्पसन, ज्याला क्वेस्टलव्ह म्हणतात, त्यानं हे तळघर उघडलं. हा गडी मूळचा ड्रम वाजवणारा, म्हंजे आपल्या भाषेत हलगीवाला. त्याचा हा पहिलाच सिनेमा. बक्षीस घ्यायला चढला तेव्हा हॉलमध्ये थपडेचाच कल्ला होता. कुणाचं त्याच्याकडं धड लक्ष नव्हतं. तो रडत होता. आईचं, बापाचं नाव घेत होता. हार्लेमच्या दडपलेल्या माणसांना त्या वेळी त्यांच्या दुखण्यावर उतारा हवा होता, असं काहीतरी सांगत होता. पन्नास वर्षांनी तळघरातून बाहेर आलेलं गाणं. आणि बाहेर आलं त्या मिनिटालाही त्याचं कुणी ऐकलं नाही!

आता सांगा, मला वाईट का वाटावं? हार्लेम काय आपल्याला परकं आहे? बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून हार्लेमचं ते पार्क चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस ह्या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं आणि निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाची प्रत मागवली. आपल्यालाही तसंच गाऱ्हाणं मांडायचं होतं म्हणून. १९७२ साली मुंबईत पोरांनी संघटना काढली तेव्हा नाव कुणाचं घेतलं? त्याच पँथरचं, जो हार्लेमच्या त्या पार्कात पहारा देत उभा होता. तेव्हा आपण त्या शर्यतीत हरलो, हे मला मान्यच नाही.

थपडेबद्दलही बोलून टाकतो, कारण आपल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर लई टाळ्या पिटल्या. "बायकोसाठी मारला, मर्द गडी!" असं. ख्रिस रॉकनं जेडा पिंकेट स्मिथच्या केसांवर विनोद केला. तिला केस गळायचा आजार. काळ्या बाईचे केस हा काय विनोदाचा विषय नाही, आणि हे रॉकला माहीत नसेल असंही नाही. काळ्या बायांच्या केसांवर २००९ साली त्याचाच 'गुड हेअर' नावाचा माहितीपट आलेला. तरी हसला. आणि नवऱ्यानं काय केलं? हात उगारला. त्या बाईचं म्हणणं काय, ते त्या हॉलमध्ये कुणी विचारलंच नाही. एक बाप्या तिच्यावर हसला, दुसऱ्या बाप्यानं तिच्या नावानं मारामारी केली. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या पोरांनी ह्यात मर्दानगी शोधू नये. आणि गोऱ्या जगाला तर मेजवानीच झाली. दोन काळी माणसं भांडली आणि दोघांच्या भांडणात एका काळ्या माणसाचं बक्षीस झाकलं गेलं. थोड्या वेळानं विल स्मिथला नटाचं बक्षीस मिळालं. चौऱ्याण्णव समारंभांत मुख्य नटाचं बक्षीस मिळालेला तो पाचवा काळा माणूस. पाचवा! तोवर मुख्य नटीचं मिळालेली काळी बाई एकच होती, हॅले बेरी, २००२ साली. ह्या आकड्यांवर कुणी थप्पड मारली नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समारंभाच्या जेमतेम आठवडाभर आधी 'खबर लहरिया'च्या बायांनी एक निवेदन काढलं. सिनेमा हलवून सोडणारा आहे, ताकदीचा आहे, हे त्यांनी मान्य केलं. काय दाखवायचं हा काढणाऱ्यांचा हक्क, हेही मान्य केलं. पण एकाच राजकीय पक्षाच्या मागं लागणं हेच जणू आमचं काम, असं जे चित्र त्यात उभं राहतं ते खरं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वीस वर्षं आम्ही सगळ्याच सत्ताधाऱ्यांना प्रश्न विचारत आलो, आणि अर्धी सांगितलेली गोष्ट कधीकधी अख्ख्या गोष्टीला वाकडं करते, असा त्या निवेदनाचा भाव.

आपल्यात ह्यावरून भांडण झालं. आमच्याच वस्तीतल्या अभ्यास मंडळात झालं. एक जण म्हणाला, "आत्ताच कशाला बोलायचं होतं? बक्षीस पदरात पडू द्यायचं. मग काय बोलायचं ते बोला." दुसरा म्हणाला, "आपलं नाव साऱ्या जगात चाललं होतं, बायांनी घालवलं." तिसऱ्याला तर त्यात कुणाचा तरी दबाव दिसला. आणि सगळे बोलणारे बाप्ये होते, हेही नोंदवून ठेवतो.

मी त्यांना म्हणालो, दादांनो, सिनेमा काढणारे विमानात बसून लॉस एंजेलिसला जातील आणि परत येतील. त्यांच्या मेहनतीवर माझा राग नाही. काही वर्षं ते त्या बायांबरोबर चिखलातून फिरलेत. पण उद्या सकाळी त्याच ठाणेदारापुढं, त्याच तहसीलदारापुढं, त्याच सरपंचाच्या दारात वही घेऊन कुणाला उभं राहायचंय? ह्या बायांना. खेड्यात बातमीदाराजवळ काय असतं? ना गाडी, ना वकील, ना मालक. लोकांचा भरवसा एवढीच तिची पुंजी. 'ही कुणाच्यातरी विरोधात लिहायलाच येते' असा शिक्का एकदा बसला की दार बंद. आणि दार बंद झालेली दलित बाई रस्त्यावर किती एकटी असते, हे मी तुम्हांला सांगायची गरज नाही. जगातलं सगळ्यात मोठं बक्षीस समोर दिसत असताना त्या म्हणाल्या, आमची गोष्ट अर्धी सांगू नका. त्या सगळ्या समारंभात मला सगळ्यात मोठं वाटलं ते हेच. बक्षीस मिळालं असतं तर ते दिग्दर्शकांच्या हातात गेलं असतं, तसा नियमच आहे. बायांच्या हातात त्यांचं स्वतःचं तोंड होतं. ते त्यांनी गहाण टाकलं नाही.

अर्धी गोष्ट म्हंजे काय, ते मला माहीत आहे. मी एका दैनिकात चार वर्षं बातमीदार होतो. पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं गेलं. मग मला काय मिळालं? चौदा एप्रिल, सहा डिसेंबर आणि कुठं अत्याचार झाला तर ती बातमी. बाजार समिती दुसऱ्याला. नगरपालिकेचं बजेट दुसऱ्याला. मी एकदा कापसाच्या भावावर लिहून दिलं, तर उपसंपादक म्हणाला, "तुम्ही तुमच्या विषयावर लिहा ना." माझा विषय! जणू मी कापूस वेचलाच नव्हता. माझा बाप त्याच कापसात गेला. दलितानं फक्त दलितावर बोलावं, मार खाल्ला की बोलावं आणि रडत बोलावं, अशी ही वाटणी. अगदी तसंच ह्या बायांना म्हटलं गेलं, की तुम्ही फक्त लढणाऱ्या दिसा. रस्ता, हातपंप, रेशन, दवाखाना ह्यांवरच्या हजार बातम्या कुठं गेल्या? त्या कॅमेऱ्याला रंगत देत नाहीत.

आमच्या वस्तीतही एकदा कॅमेरावाले आले होते. पाण्यावर काहीतरी काढत होते. आमच्या शेजारच्या गिरजामावशीला म्हणाले, "मावशी, हंडा पुन्हा एकदा उचला ना. तिकडून चालत या." मावशीनं चारदा हंडा उचलला. पाचव्यांदा म्हणाली, "बाबा, पाणी नसतं हीच तर बोंब हाय, आन् तू सांडायलास ते!" हे वाक्य त्यांनी घेतलं की नाही, कुणास ठाऊक. तो सिनेमा आम्हांला कुणी दाखवला नाही. मावशी वारली. कुठल्यातरी पेटीत ती अजून हंडा उचलत असेल.

मी म्हणत नाही की दुसऱ्यानं आपल्यावर सिनेमा काढूच नये. काढावा. पण आपल्याला नुसतं दिसायचं नाही, विचारलंही जायला पाहिजे. नुसतं दिसण्याची किंमत काय असते, ती हॅटी मॅकडॅनियलला विचारा. ऑस्कर मिळालेली पहिली काळी व्यक्ती. 'गॉन विथ द विंड'मधली मोलकरीण, गुलाम बाई. १९३९ च्या डिसेंबरात अटलांटाला सिनेमाचा पहिला खेळ झाला तेव्हा तिला तिथं जाता आलं नाही, कारण तिथं वर्णभेदाचा कायदा. २९ फेब्रुवारी १९४० ला बक्षीस मिळालं ते हॉटेल गोऱ्यांचं. तिला भिंतीशी वेगळं टेबल दिलं. बरोबरची नटमंडळी एकीकडं, ही एकीकडं. वेगळी कपबशी आपण ऐकली होती, हे वेगळं ऑस्कर! मेल्यावर तिला हॉलीवूडच्या स्मशानात जागा पाहिजे होती, तीही रंगावरून नाकारली. आणि बक्षीस? तिनं ते हॉवर्ड विद्यापीठाला देऊन ठेवलं, तिथून ते नाहीसं झालं. २०२३ साली अकादमीनं त्या जागी नवं करून दिलं. जगाला मोलकरीण पाहिजे होती. मोलकरणीचं काम करणारी बाई नको होती.

त्याच २०२२ च्या समारंभात आणखी एक गोष्ट मी पाहिली, तीही सांगतो. ट्रॉय कॉट्सर नावाच्या बहिऱ्या नटाला सहायक नटाचं बक्षीस मिळालं, 'कोडा' ह्या सिनेमासाठी. ते द्यायला कोरियाची म्हातारी नटी युन यो-जंग आली होती. ह्या माणसाची भाषा हातांची. हातात ट्रॉफी धरली तर बोलणार कसा? म्हातारीनं ट्रॉफी आपल्याकडं परत घेतली आणि तो बोलेपर्यंत शेजारी धरून उभी राहिली. हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात वर करून हलवले, कारण त्याला ते दिसणार होतं. दुसऱ्याचा मान कसा राखावा, त्याचा हा धडा. आपल्यावर सिनेमा काढणाऱ्यांकडून मला एवढंच पाहिजे. तुम्ही ट्रॉफी धरा, बाबांनो, खुशाल धरा. पण आमचे हात बोलायला मोकळे ठेवा.

आणि आपण? 'खबर लहरिया'ला २००४ साली चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला. २००९ साली युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला. हे त्यांच्या स्वतःच्या कामाला मिळालेले. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत होतं? मलाही त्यांचं नाव ऑस्करच्या वेळीच नीट कानावर आलं. दोष त्या बायांचा नाही. गोऱ्या लोकांनी बोट दाखवलं की मग आपण आपल्या बायांकडं वळून बघतो. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे मोजूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नव्हती. म्हणून 'मूकनायक' थांबला नाही. कुणी छापेल म्हणून वाट बघायची नसते, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच शिकवलेलं आहे.

म्हणून बक्षिसांच्या याद्या वाचत बसण्यापेक्षा मला तळघराची काळजी जास्त लागलीय. टलचिननं चाळीस तास जपले म्हणून क्वेस्टलव्हला पन्नास वर्षांनी काही सापडलं. आपलं काय? नामांतराच्या मोर्च्यांचे फोटो कुणाकडं आहेत? गावोगावच्या जलशांच्या, भीमगीतांच्या पहिल्या कॅसेटी कुणाकडं आहेत? सायक्लोस्टाईल अंकांचे गठ्ठे कुणाच्या माळ्यावर आहेत आणि त्यातले किती उंदरांनी नेले? पुढं कुणी सिनेमा काढायला येईल तेव्हा त्याला आपण काय दाखवणार, रिकामा हंडा?

आमच्या मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत सतरा कॅसेटी निघाल्या. दोन चिकटल्यात. एकीवर बाईचा आवाज आहे, जात्यावर बसून बाबासाहेबांवर ओव्या म्हणतेय. नाव लिहिलेलं नाही. म्हाताऱ्या बायांना ऐकवून नाव शोधायचं काम चालू आहे. पेटीत टेपरेकॉर्डर आहे, पट्टा तुटलाय. कुणाकडं चालू मशीन असेल तर कळवा. आणि आपापल्या घरातल्या पेट्या ह्या पावसाळ्याच्या आत उघडा.